अंकिताची तहान

राजनंदिनी बंडगरला माहेरच्या वस्तीनं डॉक्टर म्हणणं केव्हाच सोडून दिलं होतं. पुण्याहून पीएच.डी. करून ती सोलापूरला नोकरीवर आली तेव्हा सांगोल्याच्या पलीकडच्या त्या माळावरच्या वस्तीत पेढे वाटले होते. पण पुढच्याच आठवड्यात कुणी सुजलेला गुडघा दाखवायला आलं, कुणी मूळव्याधीवर गोळी मागायला आलं, आणि हिनं प्रत्येकाला "मी औषधाची डॉक्टर न्हाय" असं सांगून परत पाठवलं. तेव्हा केराबाई आत्यानं सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला, "मग नावाचीच डाक्टर की."

आत्याच्या बोलण्यात धार होती, त्याला कारण होतं. नंदा, म्हणजे राजनंदिनी, तिच्या भावाची थोरली मुलगी. आपल्या बिरुदेवसाठी ती तिनं पाळण्यातच मागून ठेवली होती. धनगरांच्या घरी मामाची पोर म्हणजे हक्काची सून. पण नंदा बारावीला तालुक्यात पहिली आली, तिनं लग्नाला सरळ नाही म्हटलं आणि तिचे आप्पा तिच्या बाजूनं उभे राहिले. शेवटी धाकटी रेश्मा बिरुदेवला दिली. संसार चांगला चालला होता. बिरुदेव मेंढरं राखायचा, थोडं डाळिंब करायचा; माणूस शब्दाचा कमी आणि कामाचा पक्का. तरी आत्याच्या मनातली अढी गेली नव्हती. नंदा घरी आली की ती तिच्याशी रेश्मामार्फत बोलायची. "तुज्या आक्काला इचार, च्या घेणार का."

नंदा सोलापूरच्या विद्यापीठात शिकवायची आणि उरलेला वेळ एका लहानशा प्रयोगशाळेत घालवायची. तिचा विषय एकच प्रथिन. माणसाच्या मूत्रपिंडात काही पेशी असतात, त्यांचं काम लघवीतलं पाणी परत अंगात ओढून घेणं. त्यासाठी त्या पेशी पाण्याची सूक्ष्म दारं बनवतात, आणि ती दारं म्हणजेच हे प्रथिन. गंमत अशी की तयार झालेलं दार पेशी लगेच भिंतीत बसवत नाही. ती दारं इवल्या इवल्या पिशव्यांमध्ये आत भरून ठेवलेली असतात. अंगात पाणी कमी झालं की मेंदूकडून निरोप येतो, पिशव्या पेशीच्या काठाकडे सरकतात, भिंतीत मिसळतात आणि पाणी आत यायला लागतं. गरज संपली की दारं पुन्हा आत ओढली जातात, पुढच्या वेळेसाठी. हे जाणं-येणं कसं चालतं, रस्त्यात कुठं काय बिघडतं, एवढ्यावर नंदानं आपली तरुणपणाची सगळी वर्षं घातली होती आणि त्याचं तिला कधीही वाईट वाटलं नव्हतं.

त्या वर्षी दिवाळीच्या सुटीत ती रेश्माकडे गेली. रेश्माला पाचवा महिना होता. दुपारची वेळ, ऊन अजून तापत होतं. घराच्या मागं शेरडांना पाणी पाजायची दगडी डोण होती, तिकडून आत्याचा आवाज आला, "ऊठ तितनं. ऊठ म्हणते न्हवं."

नंदा मागं गेली. डोणीपाशी दोन करडं पाणी पीत होती आणि त्यांच्या मधोमध गुडघे टेकून, ओंजळीनं नाही, तोंड लावून पाणी पीत होती रेश्माची सात वर्षांची अंकिता. आत्यानं तिला दंडाला धरून उठवलं. पोर रडली नाही. तिनं फक्त हनुवटीवरचं पाणी तळहातानं पुसलं आणि तो तळहात चाटला.

"हे काय चाललंय?" नंदानं विचारलं.

"खोड हाय तिची," आत्या आज पहिल्यांदा थेट तिच्याशी बोलली. "दीसभर पानी अन् दीसभर मुतणं. साळंत बाई म्हणती, हिला घरी ठेवा. अंथरूण रोज भिजतंय. टँकर दोन दिसांनी येतोय, हितं माणसाला पानी न्हाय, अन् ही एकटी कळशीभर रिचवती."

घरात गेल्यावर नंदानं पाहिलं, प्यायच्या पाण्याच्या पिंपाला साखळी घातली होती आणि तिला कुलूप होतं.

रेश्मा मान खाली घालून भाकरी थापत राहिली. मग हळूच बोलली, "आक्का, दवाखान्यात दाखवलं की. साखर तपासली, साखर न्हाय म्हणले. पोटात जंत न्हाईत म्हणले. मग म्हणले सवय हाय, पानी कमी कमी करा, मोडंल. म्हणून आत्यांनी कुलूप लावलं. त्यांचं तरी काय चुकलं?"

नंदानं अंकिताला मांडीवर घेतलं. पोर वयाच्या मानानं लहान होती, हाडं हाताला लागत होती. ओठांना भेगा होत्या आणि जीभ कोरडी. आता तर डोणीवरून पिऊन आली होती.

"लघवी कसल्या रंगाची करती?"

"रंगच न्हाय. पान्यावानी."

"रात्री उठून पाणी मागती?"

"मागती. अन् शी खड्यासारखी. जेवायला नको म्हणती, नुसतं पानी."

खूप दिवस पुस्तकात पाहिलेला चेहरा एकाएकी रस्त्यात समोर यावा, तसं नंदाला झालं. उगाच सवयीनं भरपूर पाणी पिणाऱ्याची जीभ कोरडी नसते. ज्याच्या अंगातलं पाणी संपलंय त्याची लघवी पिवळी, घट्ट व्हायला हवी. या पोरीचं अंग सुकलेलं होतं आणि लघवी मात्र पाण्यासारखी. म्हणजे अंगाला पाणी हवं होतं आणि मूत्रपिंडाला ते धरता येत नव्हतं.

ती उठली. "आत्ये, पिंपाची किल्ली दे."

"कशाला?"

"अंकिताला हवं तेवढं पाणी प्यायला द्यायचं. आजपासनं, आत्तापासनं. तिची खोड न्हाय ही. तिला पाणी न्हाय दिलं तर ती जाईल."

आत्या तिच्याकडं बघत राहिली. "डाक्टरनं सांगितलंय कमी करा. तू तर औषदाची डाक्टर न्हाईस. तूच म्हणतीस."

"न्हाय. पर ह्या एका गोष्टीची मी हाय," नंदा म्हणाली. "वस्तीतल्या सगळ्या दुखण्यांतलं मला काय कळत न्हाय, आत्ये. ह्यातलं कळतं."

बिरुदेव दारात उभा राहून हे ऐकत होता. त्यानं आईच्या कमरेच्या पिशवीकडं हात केला. आत्यानं किल्ली त्याच्या हातावर टाकली आणि शेरडांकडं गेली. अंकितानं तांब्या तोंडाला लावला तो पुरा संपेपर्यंत खाली ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी बिरुदेव, रेश्मा आणि अंकिता नंदाबरोबर सोलापूरला आले. मूत्रपिंडाचे तज्ज्ञ डॉक्टर पृथ्वीराज नंदाच्या ओळखीचे होते. तिच्या विद्यार्थ्यांपुढं एकदा व्याख्यान देऊन गेले होते. हसणं कमी, पण ऐकून घेणारा माणूस. त्यांनी रक्त तपासलं. मिठाचं प्रमाण इतकं वर गेलेलं होतं की त्यांनी कागद दोनदा पाहिला.

"हिचं पाणी तोडून परीक्षा घ्यायची गरजच नाही," ते म्हणाले. "ती परीक्षा हिच्या घरच्यांनी नकळत घेतलेली आहे."

त्यांनी मेंदूच्या त्या निरोपाचंच इंजेक्शन दिलं. मेंदूकडून निरोप येत नसेल, तर या इंजेक्शननं लघवी घट्ट व्हायला हवी. दिवसभर ते वाट पाहत राहिले. लघवी होती तशीच राहिली. म्हणजे निरोप येत होता, मूत्रपिंडाला तो पाळता येत नव्हता. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, एक गोळी सुरू केली आणि पाण्याला कुलूप लावायचं नाही हे बिरुदेवच्या डोळ्यांत बघून सांगितलं. गोळीचं ऐकून बिरुदेव चमकला.

"साहेब, ही तर लघवी जास्त व्हायची गोळी न्हवं? आमच्या मामाला बीपीसाठी हाय."

"बरोबर ओळखलंत. पण हिच्यात ती उलटं काम करते. लघवी कमी होईल. का होईल ते तुमच्या मेहुणीला विचारा, ती तासभर सांगेल."

गोळी लागू पडली. महिन्याभरात अंकिताचं पाणी निम्म्यावर आलं, अंथरूण कधीमधी कोरडं राहायला लागलं आणि तिनं आपणहून भाकरी मागितली. पण नंदाच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. रेश्माच्या पोटात मूल होतं.

आणि एक मूल त्याआधी गेलेलं होतं. अंकिताच्या अगोदरचा मुलगा. चैत्रात जन्मला आणि पुरता बसायलाही लागला नाही. सारखा ताप, सारखी उलटी, कडेवर सुकत गेला. लागण झाली म्हणाले. नंदा तेव्हा पुण्यात होती. तिला फोनवर कळलं होतं, आणि तिनंही लागणच मानली होती. अंकिता जन्मली ती ऐन थंडीत, आणि ती रडली की रेश्मा तिच्या ओठांवर भिजवलेलं फडकं धरायची. पोर फडकं चोखून गप्प व्हायची. त्या फडक्यानं पोर वाचवली होती, हे कुणाला ठाऊक होतं?

डॉक्टरांनी अंकिताचं रक्त जनुकं वाचण्यासाठी पाठवलं. उत्तर आलं ते अर्धवट. पाण्याच्या दाराचा जो नमुना पेशीला दिलेला असतो, त्यात एक अक्षर बदललेलं होतं, आईकडून आलेल्या प्रतीतही आणि बापाकडून आलेल्या प्रतीतही. पण हा बदल आधी कुठंही नोंदलेला नव्हता. त्यामुळं अहवालात लिहिलं होतं, अर्थ अनिश्चित.

"अनिश्चित म्हणजे मला बाळाबद्दल काही सांगता येणार नाही," पृथ्वीराज म्हणाले. "असे निरुपद्रवी बदल प्रत्येकात असतात. कारण वेगळंच असलं आणि आपण या अक्षराकडं बघून बाळ निरोगी आहे असं ठरवलं, तर?"

"हे अक्षर काय करतं ते मी दाखवू शकते," नंदा म्हणाली. "माझं कामच ते आहे. बाळ यायच्या आत दाखवते."

"तुम्ही नातेवाईक आहात, मॅडम. हेही मला लिहावं लागेल."

"लिहा. मीच तुम्हाला म्हणणार होते, माझ्या एकटीच्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नका."

तिनं कामाला सुरुवात केली. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या पेशी असल्या कामासाठी जगभर वापरतात, तिच्याकडं त्या होत्याच. काहींमध्ये तिनं निरोगी दाराचा नमुना घातला, काहींमध्ये अंकिताचा. दाराच्या पुढच्या टोकाला एक हिरवं चमकणारं प्रथिन जोडलं, म्हणजे ते कुठं जातंय हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसावं. मागच्या टोकाला जोडायचं नाही हे ती पुण्यातच शिकली होती. त्या शेपटीवरच दाराचं सगळं जाणं-येणं अवलंबून असतं.

पहिल्यांदा निरोगी पेशी पाहिल्या. हिरवे ठिपके आत विखुरलेले होते. निरोपासारखं काम करणारं औषध घातलं आणि थोड्याच वेळात ठिपके काठाकडे गेले; प्रत्येक पेशीभोवती हिरवी कड उमटली. हे तिनं शेकडो वेळा पाहिलं होतं. मग तिनं अंकिताच्या नमुन्याची काचपट्टी ठेवली. तिथं ठिपके नव्हते. केंद्रकाभोवती एक जाळं असतं, आंतर्द्रव्यजालिका, जिथं नवं प्रथिन घडी घालून तयार होतं आणि घडी नीट बसली नसेल तर तिथंच अडवलं जातं. सगळा हिरवा रंग त्या जाळ्यात गोळा झाला होता. तिनं औषध घातलं, वाट पाहिली. कड उमटली नाही. दारं बनत होती, पण कारखान्याच्या बाहेरच पडत नव्हती.

ती खुर्चीत मागं टेकली. ही तिच्या बहिणीच्या पोरीची तहान होती, आणि ती आपण डोळ्यांनी बघतोय याचं तिला नवल वाटत राहिलं.

पृथ्वीराजांनी चित्रं पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "हे हिरवं प्रथिन जोडल्यामुळं तर अडकलं नसेल?" नंदाला तो प्रश्न आवडला. तिनं रंग न जोडलेली दारं बनवून, त्यांना चिकटणाऱ्या प्रतिपिंडानं पुन्हा शोधलं. तिथंच सापडली, जाळ्यात. मग तिनं सगळी चित्रं खुणेचे आकडे टाकून, कुठलं कुणाचं ते न सांगता, पुण्यात आपल्या जुन्या मार्गदर्शक वैजयंतीबाईंकडे पाठवली. बाईंनी ती निरोगी आणि बिघडलेली अशी वेगळी करून परत पाठवली. एकही चुकलं नव्हतं. खाली बाईंनी दोन शब्द लिहिले होते, "शंका नाही."

एक गोष्ट तिनं स्वतःच्या समाधानासाठी केली. पेशी ज्या उबेत वाढवतात ती उष्णता तिनं मुद्दाम कमी ठेवली. थंडाव्यात प्रथिनाची घडी सावकाश पडते, आणि कधीकधी अशा वेळी बिघडलेलं प्रथिनसुद्धा नीट घडी होऊन बाहेर पडतं. अंकिताच्या पेशींमध्ये या खेपेला मोजकेच ठिपके जाळ्यातून बाहेर आले. औषध घातल्यावर ते काठाला गेले. फिकट, तुटक तुटक, पण कड होती. आणि त्या पेशी पाण्यात ठेवल्यावर फुगायलाही लागल्या. दार पोचलं तर उघडत होतं. खोट त्याच्या उघडण्यात नव्हती, पोचण्यात होती. यातून कधी औषध निघेल का हे आज कुणालाच सांगता आलं नसतं; पण कुठं शोधायचं ते तिला आता पक्कं माहीत होतं.

पौष संपता संपता ती वस्तीवर गेली. घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासून झालं होतं, तिचंही. ते सांगणं फोनवरचं नव्हतं.

आत्या ओसरीवर लोकर पिंजत बसली होती. नंदा तिच्यासमोर बसली आणि पोराला सांगावं तसं नाही, बरोबरीच्या माणसाला सांगावं तसं सगळं सांगितलं. आत्या हातातलं काम न थांबवता ऐकत होती.

"म्हंजी दारं हायत," ती शेवटी बोलली, "पर भिंतीपातूर येत न्हाईत."

"व्हय."

"अन् हे पोरीत आलं कुठनं? रेश्माकडनं?"

चूल फुंकत असलेली रेश्मा थांबली. हा प्रश्न त्या घरात नवा नव्हता. पहिलं पोर गेल्यापासून तो वेगवेगळ्या शब्दांत विचारला गेला होता.

"एकटीकडनं येत न्हाय, आत्ये. दाराचा नमुना आईकडनं एक अन् बापाकडनं एक येतो, दोन्ही बिघडलेले आले तरच होतं. एकच बिघडलेला असला तर माणसाला काय होत न्हाय, त्याला कळतबी न्हाय. दाजींच्यात एक हाय. तो तुज्याकडनं आला. तुज्यात हाय."

आत्याचे हात थांबले.

"आप्पांच्यात हाय. तुमी दोघं भाऊ-बहीण, तुमा दोघांत तुमच्या आई-बापांपैकी कुणाकडनं तरी आला. आप्पांकडनं रेश्माच्यात आला. अन् माझ्यातबी आला. मी ह्या घरात आले असते, तरी असंच झालं असतं. पोर माझी असती, एवढंच."

आत्यानं रेश्माकडं पाहिलं. मग जमिनीकडं.

"मग आमचं पैलं," ती म्हणाली, "ते लागणीनं गेलं न्हाय."

नंदानं मनात या प्रश्नाची तयारी केली होती. "खात्रीनं कुणालाच सांगता यायचं न्हाय, आत्ये. पर मला वाटतं ह्यानंच गेलं असंल. तान्ह्याला पानी द्यायचं नसतं असं सगळेच सांगतात, अन् इतर तान्ह्यांसाठी ते खरंच हाय. तू काय कमी केलं न्हाईस."

आत्या उठली. चुलीपाशी गेली आणि रेश्माच्या हातातली फुंकणी काढून घेतली. "तू बस जरा," ती म्हणाली. "धूर लागतोय तुला." एवढंच. पण रेश्माच्या लग्नाला दहा वर्षं होत आली होती, आणि सासूनं तिला बसायला सांगितल्याचं नंदानं कधी पाहिलं नव्हतं.

नंतर आत्या बाहेर येऊन नंदापाशी उभी राहिली. "कसल्या पेशीत बघितलंस म्हणालीस?"

"कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या."

"कुत्र्याच्या," आत्यानं मान हलवली. "राखणीला बी कुत्रं, अन् हितंबी कुत्रंच." आणि कितीतरी वर्षांनी ती नंदाकडं बघून हसली.

रेश्माचं बाळंतपण सोलापूरलाच करायचं ठरलं. होळी होऊन गेली होती, ऊन वाढत चाललं होतं. मुलगा झाला. नाळेचं रक्त लगेच पाठवलं गेलं, आणि आता त्या एका अक्षराला अर्थ होता, त्यामुळं उत्तरालाही अर्थ असणार होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात सगळे उत्तराची वाट पाहत होते. बिरुदेव उठायचा, पायऱ्यांपर्यंत जायचा आणि परत यायचा.

पृथ्वीराज आले तेव्हा त्यांनी आडवळण घेतलं नाही. "बाळातही दोन्ही प्रती तशाच आहेत. अंकिताला जे आहे ते यालाही आहे."

रेश्मानं डोळे मिटून घेतले. नंदाला वाटलं आता आत्या कोसळेल. पण केराबाईनं पदर खोचला. तिनं आयुष्यभर तान्ही करडं आणि कोकरं जगवली होती, उन्हात, टँकरच्या पाण्यावर, आई मेलेली, अंगावर न पिणारी. काय बिघडलंय हे कळल्यावर तिला रडत बसायची सवय नव्हती.

"बरं," ती म्हणाली. "आता काय करायचं ते सांगा. नीट सांगा, मला समजंल असं."

डॉक्टरांनी सांगितलं. दुधाच्या मध्ये मध्ये उकळून गार केलेलं पाणी, दिवसा आणि रात्रीही. वजन वरचेवर बघायचं. रक्त तपासायचं. थेंबांचं औषध. ताप आला, उलटी झाली की घरगुती काही नाही, थेट दवाखाना. आणि कुठल्याही दवाखान्यात सलाईन लावायच्या आधी बाळाला काय आहे ते सांगायचं, कारण साधं मिठाचं सलाईन याला अपाय करतं. आत्यानं प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणून दाखवली. जिथं चुकली तिथं डॉक्टरांनी दुरुस्त केलं आणि तिनं परत म्हटली.

उन्हाळाभर सगळे नंदाच्याच घरी राहिले. सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. नंदाच्या नवऱ्यानं, जो रेल्वेत नोकरीला होता, गच्चीवर आणखी एक टाकी बसवून घेतली. आत्या वाटी-चमचा घेऊन बाळाला पाणी पाजायची. दुपारी ऊन रणरणायला लागलं की ओल्या चादरी खिडक्यांना लावायची आणि बाळाच्या टाळूवर हात ठेवून बघायची, खोल गेलीय का. एकदा ताप चढला. आत्यानं कुणालाच विचारलं नाही. रेश्माला हाक मारली, खाली जाऊन रिक्षा थांबवली आणि नंदा विद्यापीठातून पोचेपर्यंत बाळाला योग्य ते सलाईन लागलेलं होतं. दोन दिवसांत घरी आले. मिठाचं प्रमाण वर चढायच्या आतच धरलं गेलं होतं.

मृग लागला तेव्हा बाळाचं वजन त्याच्या वयाला शोभेल इतकं होतं. पृथ्वीराजांनी ते काट्यावर पाहिलं, मांडीवरच्या वळ्या बोटानं दाबल्या आणि म्हणाले, "आजी, हे तुमचं काम."

"माझं एकटीचं कुटं," केराबाई म्हणाली. "माझ्या भाचीनं आधी बघून ठेवलं हुतं की. ती डाक्टर हाय."

वस्तीवर परत गेल्यावर आत्या एका जागी बसली नाही. लग्नं, जत्रा, जिथं भाऊबंद जमतील तिथं बायकांना एकीकडं घेऊन विचारायची, कुणाचं पोर फार पाणी पितंय का, तान्हं सारखं तापतंय का, कुणाचं असंच सुकत गेलं का. एका भाच्याचं लग्न त्याच्या मामाच्या मुलीशी ठरत होतं, तिथं तिनं आधी दोघांचं रक्त तपासा म्हणून हट्ट धरला. पोरीचा बाप रागावला, पण केराबाईपुढं कुणाचं चाललं नाही. तपासणी झाली. मुलात बदल होता, मुलीत नव्हता. लग्न धूमधडाक्यात लागलं.

दिवाळीआधी एका सकाळी तिचा नंदाला फोन आला. केम गावात तिच्या चुलत नणंदेच्या नात्यात दोन वर्षांचं एक पोर होतं. वाढत नव्हतं, चालत नव्हतं, ओल्या फडक्याला सोडत नव्हतं. "मी निघाले," आत्या म्हणाली. "तू सोलापुरातनं गाडीत बस. ठेसनावर भेटू."

केमच्या फलाटावरून त्या दोघी चालत त्या घरी गेल्या. पोर आईच्या खांद्यावर मान टाकून होतं, डोळे खोल गेलेले. आई घाबरून भराभर सांगायला लागली, कुठल्या कुठल्या दवाखान्यात नेलं, कोण काय म्हणालं. नंदा पोराची जीभ बघत होती आणि मनात पृथ्वीराजांना काय कळवायचं ते जुळवत होती. आत्यानं तोपर्यंत माजघरातून तांब्या आणि वाटी आणली होती.

"आधी त्याला पिऊ दे," ती पोराच्या आईला म्हणाली. "मग सांग. आमी ऐकतो सगळं."